घरच्या मोरीत कृष्णधवल रोल धुणे: उन्हाळा, बोअरचं पाणी आणि बाकी शंका

हायपोवाला

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी व्यनि येतो: "वडिलांचा जुना कॅमेरा चालू निघाला, कृष्णधवल रोल घातलाय, आता धुवायचा कुठे?" प्रत्येकाला तेच टंकण्यापेक्षा धागाच काढतो. उत्तर एकच आहे, घरी धुवा. डार्करूम लागत नाही. अंधार हवा तो फक्त रोल टँकमध्ये भरेपर्यंत, आणि तेवढं काम चेंजिंग बॅगेत (हात घालायला बाह्या असलेली, उजेड आत न जाणारी पिशवी) होतं. टँकचं झाकण बसलं की पुढचं सगळं ट्यूबलाइटखाली.

सामान थोडंच आहे. टँक आणि रीळ (नवशिक्याला पॅटरसनचा प्लॅस्टिकचा बरा, ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं, १२० च्या रुंद रोलला ५००), चेंजिंग बॅग, बऱ्यापैकी थर्मामीटर, मोजपात्र, कात्री, कपड्यांचे चिमटे. रसायनं म्हणजे डेव्हलपर (चित्र उमटवणारा) आणि फिक्सर (ते पक्कं करणारा). मधल्या स्टॉपसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं सिंथेटिक व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळा, झालं. तेही नसेल तर नुसतं पाणी भरून दोनदा बदला.

रोल रिळावर चढवणं ही एकच पायरी घाम काढते. एक रोल वाया गेला असं समजा आणि आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत हात घालून सराव करा. रोलची जीभ (सुरुवातीचं अरुंद टोक) सरळ कापा, दोन्ही कोपरे किंचित गोल करा, रीळ पूर्ण कोरडं ठेवा. फिल्म अडली तर जोर लावायचा नाही. मागे घ्या आणि पुन्हा सुरू करा. जोर लावला की फिल्म मुडपते आणि तिथे चंद्रकोरीसारखा डाग कायमचा राहतो.

मग डेव्हलपर ओता, झाकण लावा आणि टँकचा तळ ओट्यावर दोनदा हलकेच आपटा. फिल्मला चिकटलेले बुडबुडे त्याने सुटतात. राहिले तर प्रिंटवर आकाशात काळे गोल ठिपके येतात. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करा, त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. घुसळायचं नाही. फार जोरात हलवलं तर भोकांमधून उसळणाऱ्या द्रावणाचे पट्टे कडेला उमटतात. वेळ संपायला दहा-पंधरा सेकंद असताना ओतायला लागा. मग स्टॉप अर्धा मिनिट, मग फिक्सर. रॅपिड फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) असेल तर तीन ते पाच मिनिटं, साधा हायपो (सोडियम थायोसल्फेटचा फिक्सर) असेल तर दहा. यानंतर झाकण उघडलं तरी चालतं. उघडाच, कुणाला राहवतंय!

आता मुद्द्याचं. प्रत्येक तक्त्यात, प्रत्येक व्हिडिओत २० अंश सेल्सियस लिहिलेलं असतं. ते ज्यांच्या नळाला थंड पाणी येतं त्यांच्या सोयीचं आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये ३० च्या वर असतं. २० च्या नादी लागू नका. २४ धरा, सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा २४ वर आणा, आणि वेळ कमी करा. फिल्म बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीचा ठोकताळा सोपा आहे: २० ला ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३. म्हणजे तीन अंशांना पाव वेळ कमी. त्यांच्या एचपी५ प्लस फिल्मला डी-७६ डेव्हलपर १+१ मध्ये २० ला ११ मिनिटं लागतात, तर २४ ला साडेसात-पावणेआठ.

डेव्हलपर पातळ करून वापरा असं सांगतो तेही याचसाठी. हीच फिल्म मूळ (पाणी न घातलेल्या) द्रावणात २० ला साडेसात मिनिटं घेते. २७ ला ती वेळ चारच्याही खाली जाते आणि पाचच्या खाली गेलं की ओतण्या-काढण्यातला फरकसुद्धा फिल्मवर दिसतो. १+१ मध्ये २७ ला साडेपाच मिळतात, निभावतं. शिवाय पातळ द्रावण एकदा वापरून टाकून द्यायचं, हिशेब ठेवायला नको.

शंका विचारा.

नवखा_नाना

वाचनखूण साठवली. सुरुवातीला कुठली फिल्म घ्यावी? आणि १०० आयएसओची की ४००?

हायपोवाला

नाना, एचपी५ प्लस किंवा केंटमियर ४००. दोन्ही सोशिक आहेत, एक्स्पोजर थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतात. फोमापॅन १०० स्वस्त आणि सुंदर आहे, पण दुपारच्या उन्हात तिचे उजळ भाग लवकर भरतात. कुठलीही घ्या, पण पहिले काही रोल एकच फिल्म आणि एकच डेव्हलपर ठेवा. दोन्ही बदलत राहिलात तर बिघडलं काय ते कधीच कळणार नाही.

गारेगार

असहमत. बादलीत बर्फ टाकला की २० अंश काय, १८ सुद्धा मिळतात. तक्त्यातला आकडा छापील आहे, तो सोडून अंदाजपंचे का जायचं? मी मे महिन्यात नागपुरात २० वरच धुतो.

हायपोवाला

डेव्हलपर २० ला मिळतो, मान्य. पुढे धुण्याचं पाणी किती अंशांचं असतं?

गारेगार

नळाचंच. ३२ असेल. पण तोवर फिल्म तयार झालेली असते ना?

केमिस्ट_काकू

गारेगार, चित्र तयार झालेलं असतं, पण ते ज्या जिलेटिनमध्ये बसलंय ते ओलं आणि मऊ असतं. २० च्या द्रावणातून एकदम ३२ च्या पाण्यात गेलं की ते झटक्यात फुगतं. जुन्या फिल्मांवर त्याने अख्खी जाळी पडायची. हल्लीच्या फिल्मा कडक असतात, जाळी सहसा दिसत नाही, पण दाणा भरडा झाल्यासारखा वाटतो आणि ओल्या फिल्मला नख लागलं तरी ओरखडा उठतो. सगळी द्रावणं एकमेकांच्या दोन-तीन अंशांत असावीत. तुम्हाला २० च हवं असेल तर धुण्याचं पाणीसुद्धा बर्फाच्या बादलीत ठेवा. म्हणजे हट्ट पुरा होईल आणि फिल्मही वाचेल.

जुना_स्टुडिओ

आमचा स्टुडिओ तालुक्याच्या गावी होता, मराठवाड्यात. एसी तेव्हा फक्त सिनेमात पाहिलेला. उन्हाळ्यात रोल पहाटे धुवायचे, आणि पाणी माठातलं. कोरड्या हवेत माठ दुपारीसुद्धा पाणी २४-२५ च्या आसपास ठेवतो, बाहेर ४२ असलं तरी. डेव्हलपरच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवायचो. कोकणातल्या मंडळींनी मात्र माठावर भिस्त ठेवू नये. हवेतच ओल असली की माठ झिरपतो पण गार होत नाही.

जुन्या फॉर्म्युल्यांत आणखी एक तोड असायची. उष्ण प्रदेशासाठीच्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे. त्याने जिलेटिन कमी फुगतं. कोडॅकचा डीके-१५ तसलाच होता, ३० अंशांच्या वरसुद्धा चालायचा.

तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल आणि इंदू कागद सगळीकडे मिळायचा. १९६० साली निघालेली सरकारी कंपनी. आता नावच उरलं.

लेस्टरकर

इकडची उलटी तऱ्हा. जानेवारीत नळाला दहा अंशांच्या खालचं पाणी येतं, मी किटलीतलं गरम पाणी मिसळून २० वर आणतो. तक्ते आमच्या सोयीचे आहेत हे कुणी सांगितलं? :)

केमिस्ट_काकू

डेव्हलपरचा विषय निघालाच आहे तर डी-७६ घरी बनवण्याबद्दल लिहिते. कोडॅकचा हा फॉर्म्युला १९२७ पासूनचा, उघड आहे, आणि अजून जगभर चालतो. एक लिटरला: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट (निर्जल) १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी पन्नासेक अंशांवर न्या, याच क्रमाने एकेक विरघळवा आणि मग लिटरभर करा. रात्रभर मुरू द्या.

क्रम महत्त्वाचा आहे. सल्फाइट आधी टाकलं तर त्या द्रावणात मेटॉल विरघळतच नाही, तळाशी बसून राहतं. म्हणून मेटॉल पहिलं. मात्र त्याच्याआधी सल्फाइटची चिमूट टाकावी, म्हणजे मेटॉलचं ऑक्सिडेशन होत नाही.

दुकानात जाताना चिठ्ठीवर नाव नीट लिहून न्या. लॅब केमिकलच्या दुकानात "सोडियम सल्फाइट" मागितलं की गर्दीच्या वेळी सल्फेटची पिशवी हातात पडू शकते. दोन्ही पांढरी भुकटी. वर स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलेलं सल्फेट वेगळ्या कामाचं. सल्फाइटशिवाय डेव्हलपर काही तासांत चहासारखा तपकिरी होऊन मरतो. बरणीवरचं लेबल स्वतः वाचा.

मोजायला सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅमला काहीही दाखवतो. आणि हातमोजे घाला. मेटॉलने काहींच्या बोटांना खाज सुटते, कातडी फुटते, आणि एकदा त्रास सुरू झाला की दर वेळी होतो. भांडी, चमचे, नरसाळं वेगळं ठेवा. स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही.

तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोन. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून, दाबून हवा काढून बूच लावलं तर चांगलं राहतं, पण घरात लहान मूल असेल तर कोल्ड्रिंकची बाटली मुळीच वापरू नका.

नवखा_नाना

काकू, इलफर्डचा आयडी-११ आणि डी-७६ एकच ना? मग तक्त्यात एचपी५ ला एकाला १३ मिनिटं आणि दुसऱ्याला ११ का?

केमिस्ट_काकू

फॉर्म्युला जवळपास एकच. १+१ ला इलफर्डच्या कागदावर तसे दोन आकडे छापलेले आहेत खरे. कुठलाही एक धरा. निगेटिव्ह फार कडक वाटली तर पुढच्या वेळी दहा टक्के कमी, मरगळलेली वाटली तर दहा टक्के जास्त. तक्ता ही सुरुवात आहे, तुमचा थर्मामीटरही अर्धा अंश खोटं बोलत असेल.

हायपोवाला

+१. आणि हायपोचं सांगायचं राहिलं. साधा फिक्सर म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, लिटरला २४० ग्रॅम, त्यात १० ग्रॅम सल्फाइट आणि २५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट. खडे विरघळताना पाणी चांगलंच गार पडतं, मोजपात्राला बाहेरून दव येतं. म्हणून कोमट पाण्यात करा आणि तापमान परत २४ वर आल्याशिवाय वापरू नका. खडे मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतात, पाण्यातलं क्लोरीन मारायला विकतात.

फिक्सर जिवंत आहे का ते पाहायचं तर रोलची कापलेली जीभ उजेडातच त्यात टाका. दुधट रंग जाऊन ती पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या फिक्सरला लागत होता त्याच्या दुप्पट वेळ जीभ साफ व्हायलाच लागला, की तो फिक्सर बाद.

निळी_शाई

अवांतर: घरी फिल्म धुणं ही आपल्याकडे जुनीच गोष्ट आहे. दादासाहेब फाळके १९१२-१३ मध्ये दादरच्या घरी काम करत तेव्हा कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं आणि ती धुणं हे सरस्वतीबाई करत. घरातल्या एवढ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून. तेव्हा कुठलं २० अंश!

रत्नांग्रीचा_बाप्या

आमच्याकडे जुलैत रोल रिळावर चढतच नाही. चार इंच जातो आणि चिकटून बसतो. बॅगेत हात घातले की पाच मिनिटांत मनगटापर्यंत घाम. काय करावं?

हायपोवाला

बाप्या, दमट हवेत जिलेटिन रिळाच्या खाचांना धरतं. रीळ आधी हेअर ड्रायरने वाळवा, खाचेतल्या छोट्या गोळ्यांसकट. त्या ओल्या असल्या की फिरत नाहीत. मग गार होऊ द्या. बॅगेपेक्षा रात्री दिवे घालवून न्हाणीघर बरं, मात्र आधी तिथे कुणी आंघोळ केलेली नको. दाराच्या फटीला चादर लावा आणि पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावर कुठे उजेडाची रेघ दिसली तर ती बुजवा. बॅगच वापरायची असेल तर आत एक रिकामा डबा ठेवून कापड वर उचलून धरा, म्हणजे ते हाताला चिकटत नाही.

जमलंच नाही तर स्टीलचं रीळ शिका. शिकायला जड, पण ओलं असलं तरी फिल्म घेतं.

सोलापुरी_चादर

बोअरचं पाणी आहे, टीडीएस भरपूर. निगेटिव्हवर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, पुसले तर ओरखडे. शिवाय उन्हाळ्यात टँकर. वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटं धुवा असं सगळीकडे लिहिलंय, ते वाचून आई चिमटे फेकून मारेल.

केमिस्ट_काकू

वाहतं पाणी लागत नाही. इलफर्डची पद्धत वापरा: टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टँक पाणी, म्हणजे एका रोलला लिटरभरही नाही. फक्त फिक्सर हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला हवा.

डागांसाठी शेवटचं पाणी वेगळं ठेवा. बोअरचं नको, आरओचं घ्या, तेही नाही जमलं तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी. त्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न साचू देणारं द्रावण), फोटो-फ्लो असेल तर १+२००, म्हणजे ३०० मिलीला दीड मिली. जास्त घातलं तर तेच चिकट डाग सोडतं. भांड्याच्या साबणाचा थेंब काही लोक वापरतात. त्यात रंग-सुवास असतात, मी नाही वापरत. फिल्म त्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, बाहेर काढा आणि तशीच टांगा. बोटांनी निपटायची नाही. खाली दोन चिमटे वजनाला. पंखा बंद.

गारेगार

पंखा बंद ठेवून मे महिन्यात बसायचं कुठे?

सोलापुरी_चादर

गच्चीवर :D काकू, धन्यवाद. बॅटरीचं पाणी डोक्यातच आलं नव्हतं.

कोरा_रोल

मदत हवी आहे. काल पहिला रोल धुतला. पूर्ण कोरा. अगदी काचेसारखा स्वच्छ. डेव्हलपर मित्राकडून आणलेला, जुना असावा. दीड महिन्याचे फोटो होते त्यात.

हायपोवाला

वाईट वाटलं. एक पाहून सांगा: कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव दिसतंय का?

कोरा_रोल

थांबा, खिडकीशी धरून बघतो... हो. काळे ठसठशीत. १, १ए, २, २ए असे.

हायपोवाला

मग डेव्हलपर निर्दोष आहे आणि तुम्हीही. ती अक्षरं कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात. डेव्हलपर मेलेला असता किंवा आधी फिक्सर पडला असता तर तीही उमटली नसती. आकडे आहेत आणि फोटो नाहीत म्हणजे फिल्मवर उजेड पडलाच नाही. एक तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही, जीभ स्पूलमधून सुटली, किंवा शटर उघडत नाही. मागचं झाकण उघडून, फिल्म न घालता, शटर दाबून आरपार बघा. पुढच्या वेळी रोल भरल्यावर डावीकडची रिवाइंडची मूठ ताणून घ्या. लिव्हर मारताना ती फिरताना दिसली पाहिजे.

कोरा_रोल

शटर उघडतंय. म्हणजे रोल सरकलाच नाही. ३६ नंतरही लिव्हर मारता येत होता, तेव्हा मला वाटलं कंपनीने फिल्म जास्त दिली.

रत्नांग्रीचा_बाप्या

कंपनी आणि जास्त!

चहाबाज

कॉफीत रोल धुता येतो असं ऐकलं. खरं का?

केमिस्ट_काकू

खरं. १९९५ मध्ये रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी काढलेली युक्ती. लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६, इन्स्टंट कॉफी ४०. २० ला पंधरा मिनिटं. सोडा धुण्याचा, खाण्याचा नव्हे. कॉफी चिकोरी नसलेली घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत तीस-चाळीस टक्के चिकोरी असते आणि ती या कामाला उपयोगी नाही. वास इतका घाण येतो की घरचे पुन्हा मोरी वापरू देणार नाहीत. मजा म्हणून एकदा करा. पहिला रोल मात्र असा धुऊ नका. फिक्सर तरीही खराच लागतो, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवलं, त्यावर आपण अजून जगतोय.

नवखा_नाना

वापरलेली रसायनं मोरीत ओतली तर चालतात का? आमच्याकडे सेप्टिक टँक आहे.

जुना_स्टुडिओ

डेव्हलपर आणि व्हिनेगर भरपूर पाण्याबरोबर गेले तर फारसं बिघडत नाही. वापरलेला हायपो मात्र ओतायचा नाही. त्यात रोलमधली चांदी उतरलेली असते, सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंचा ती जीव घेते. झाडालाही घालू नका. कॅनमध्ये साठवा. आमच्याकडे हायपो विकत घ्यायला माणूस यायचा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मासुद्धा न्यायचा. चांदी काढणारे अजून आहेत, शहरातल्या एक्स-रेवाल्याला विचारा, तो कुणाला देतो ते कळेल. एका माणसाच्या हौसेत कॅन भरायला वर्ष जातं.

तेही जमलं नाही तर कॅनमध्ये लोखंडाची बारीक तारेची घासणी टाकून काही दिवस ठेवा. स्टीलची नव्हे, गंजणारी. चांदी गाळ होऊन खाली बसते, लोखंड द्रावणात जातं.

निळी_शाई

गणपतीच्या मिरवणुकीत रात्री एचपी५ ४०० ऐवजी १६०० धरून काढायचा विचार आहे. मूळ डी-७६ किती वेळ?

हायपोवाला

आयडी-११ च्या मूळ द्रावणाला २० ला १४ मिनिटं छापलेली आहेत, डी-७६ ला तीच धरा. २४ ला साडेनऊ-पावणेदहा. इथे पातळ करू नका, वेळ आधीच भरपूर आहे. सावल्यांत काही मिळणार नाही, ढोलवाल्यांचे चेहरे आणि दिवे मिळतील. गुलालापासून लेन्स सांभाळा आणि रोल बदलताना कॅमेरा पिशवीत घालून बदला.